अण्णांच्या गाडीचं इंजेक्शन

माझ्या सासऱ्यांची मोटारसायकल सकाळी लवकर सुरू व्हायची नाही, आणि ती सुरू होईपर्यंत घरात कुणी चहाला तोंड लावायचं नाही. असा नियम कुणी केलेला नव्हता. पण बाहेर पोर्चमध्ये ते एका पायावर तोल सांभाळत किक मारताहेत आणि आत आपण चहाचे घोट घेतोय, हे बरं दिसत नसे. सासूबाई चहा गाळून झाकून ठेवत आणि कान बाहेर लावून उभ्या राहत.

मी लग्न होऊन पुण्याहून जे. पी. नगरच्या या घरात आले, त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. सासरचे लोक तीन पिढ्यांपासून बेंगळूरचे. सासऱ्यांना सगळं घर अण्णा म्हणायचं, सासूबाईंना अक्का. मीही तेच म्हणू लागले. त्यांच्या मराठीत कानडी शब्द सहज येत आणि माझं पुणेरी बोलणं ऐकून अक्कांना वाटे, ही कायम कुणाला तरी रागावतेय.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. दोन हजार साल उजाडलं की जगभरचे कॉम्प्युटर गोंधळणार म्हणून जुने प्रोग्राम तपासायला इथल्या पोरांना अमेरिकेत धाडत होते. माझा नवराही गेला. मी पुण्यात इलेक्ट्रॉनिक वजनकाटे बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात होते. काट्याच्या आतलं कार्ड आणि त्याच्या चिपमधला प्रोग्राम हे माझं काम. लग्नासाठी ते सोडलं होतं आणि इथे अजून काही जमत नव्हतं. त्यामुळे घरात आम्ही तिघंच. अण्णा माझ्याशी थेट बोलत नसत. राग नव्हता, संकोच होता. "तिला विचार, भात हवा का," असं ते अक्कांना सांगत, आणि मी समोरच बसलेली असे.

अण्णा एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झाले होते. गाडी साडेतीनशे सीसीची, एका मोठ्या सिलिंडरची, त्यांच्या तरुणपणातली. कार्बुरेटर झिजलेला. थंडीत पेट्रोल कमी पडे, आणि जास्त किका मारल्या की पेट्रोलनं तुडुंब होऊन गाडी मुळीच दाद देत नसे. त्यात त्यांचा उजवा गुडघा गेलेला. डॉक्टरांनी जिने टाळायला सांगितले होते. किकबद्दल डॉक्टरांना कुणी काही कळवलंच नव्हतं.

एके सकाळी किकचा दांडा उलटून पायावर आदळला. अण्णा पायरीवर बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. अक्का गुडघ्याला तेल लावत राहिल्या. रविवारी नवऱ्याचा फोन आला तेव्हा अक्कांनी त्याला ते सांगितलं आणि रिसीव्हर अण्णांकडे दिला. तो म्हणाला, "विकून टाका की ती. रिक्षा आहेत, बस आहेत." अण्णांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि बाहेर जाऊन गाडी पुसत बसले. कोरडी, स्वच्छ गाडी.

मी फोन ठेवून त्यांच्या मागे गेले. काय बोलायचं हे ठरवलेलं नव्हतं.

"अण्णा, नव्या मोटारींना कार्बुरेटर नसतो," मी म्हणाले.

"हां. इंजेक्शन असतं," ते गाडीकडे बघतच म्हणाले.

"आपण या गाडीला करू शकू का?"

त्यांनी फडकं खाली ठेवलं. "मोटारसायकलला? घरात?" मग पहिल्यांदाच ते माझ्याकडे वळून बघत म्हणाले, "पंप, नोझल, ते सगळं बसवायचं मी बघीन. पण किती पेट्रोल द्यायचं हे त्याला सांगणार कोण?"

"ते मी सांगीन. वजनकाट्यासारखंच आहे. आधी मोजायचं, मग ठरवायचं."

"सरी," ते म्हणाले. इथे ‘बरं’ला सरी म्हणतात. पण त्यांच्या त्या सरीत ‘बरं’पेक्षा बरंच काही होतं.

जेवताना अक्कांनी विचारलं, "गाडीला इंजेक्शन म्हणजे काय? सुई टोचणार?" मी समजावलं. कार्बुरेटरमध्ये इंजिन हवा ओढतं आणि तिच्याबरोबर पेट्रोल जेवढं येईल तेवढं येतं. इंजेक्शनमध्ये इंजिन किती वेगात आहे, किती तापलंय, मूठ किती पिळलीय हे बघून चिप ठरवते, आणि नोझलमधून तेवढंच पेट्रोल आत उडतं.

अक्का म्हणाल्या, "म्हणजे आतापर्यंत बुफे होता. आता पंगत, आणि वाढपी तू."

अण्णा एवढे हसले की त्यांना ठसका लागला.

नवऱ्याला मी पुढच्या फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "अगं, दुकानात नवीन कार्बुरेटर मिळतो. तो लावला तरी गाडी सुरू होईल." त्याचं म्हणणं अगदी खरं होतं. मी अण्णांना तसं सांगितलंही. ते म्हणाले, "होय की. मलाही ठाऊक आहे." आणि पुढे म्हणाले, "गुजरीत सकाळी लवकर जायला पाहिजे."

गुजरी म्हणजे शिवाजीनगरचा भंगार बाजार. आम्ही दोघं बसनं गेलो. अण्णा पुढे, मी चार पावलं मागे. अपघातात चेपलेल्या एका परदेशी मोटारीचा पंप आणि नोझल मिळेपर्यंत आम्ही शेजारी शेजारी चालत होतो, हे मला परत येताना बसमध्ये लक्षात आलं. पंप मांडीवर घेऊन अण्णा तो खिडकीच्या उजेडात फिरवून फिरवून बघत होते.

मग घराची वाटणी झाली. पोर्च त्यांचा, जेवणाचं टेबल माझं. त्यांनी जुन्या कार्बुरेटरमधलं पेट्रोलचं सगळं काम काढून टाकलं आणि नुसती हवेची झडप ठेवली. इंजिनात जाणाऱ्या नळीला तिरकं भोक पाडून त्यात नोझल बसेल अशी बैठक ओळखीच्या वर्कशॉपमध्ये लेथवर करून आणली. पहिली बैठक चुकली. कोन असा झाला की नोझल टाकीला अडत होतं. "मी तीस वर्षं हेच केलं," ते स्वतःवरच चिडून म्हणाले आणि दुसरी करायला गेले. माझंही काही वेगळं नव्हतं. मी मुठीला वळणारा एक लहान रोधक जोडला, मूठ किती पिळली ते चिपला कळावं म्हणून, आणि तो उलटा जोडला. म्हणजे मूठ सोडली की माझी चिप समजे, चढ आलाय, ओता पेट्रोल.

तेव्हाच्या चिपला वर काचेची बारीक खिडकी असे. प्रोग्राम बदलायचा तर जांभळ्या दिव्याखाली ठेवून आधीचा पुसावा लागे. मी बिस्किटांच्या मोठ्या डब्यात तसली ट्यूब बसवली होती. अक्का डब्याजवळून जाताना पदर सावरून जात. "शिजली का?" असं विचारत. शिजली की मी ती काढून नवऱ्याच्या जुन्या कॉम्प्युटरला जोडलेल्या सर्किटवर परत भरायची. या सगळ्यात माझी आणि अण्णांची बोलण्याची मधली पायरी, म्हणजे अक्का, कधी गळून गेली ते समजलं नाही. "तिला विचार" हे बंद झालं. "अगं ए इंजिनियर, इकडे ये, हे धर" सुरू झालं.

उन्हाळा लागला तशा अक्कांनी पोर्चपुढच्या अंगणात संडिगे घातले. तांदळाच्या पिठाच्या चिकवड्या त्या, पण इथलं नाव संडिगे. पांढऱ्या धोतरावर हारीनं मांडलेले. त्याच दिवशी आम्ही पंप पहिल्यांदा चालवून बघायचं ठरवलं. इंजेक्शनचा पंप साधा नसतो, जोरात दाब देतो. अण्णांनी नळी घट्ट बसवली. मी बॅटरीची तार जोडली. पंप सुर्र करून लागला आणि दुसऱ्याच क्षणाला नळी निसटून हवेत फणा काढल्यासारखी उभी राहिली. पेट्रोलची कमान पोर्चवरून थेट धोतरावर. मी तार ओढून काढेपर्यंत संडिगे न्हाऊन निघाले होते.

अक्का दारात आल्या. काय झालं ते पेट्रोलच्या वासावरूनच त्यांना कळलं. त्या तशाच आत गेल्या, गॅसची टाकी बंद केली, खिडक्या उघडल्या, आणि खोलीत जाऊन पुस्तक उघडून बसल्या. दुपारी जेवण झाकून ठेवलेलं होतं. वाढायला कोणी नव्हतं. आम्ही दोघं गुन्हेगारांसारखे जेवलो.

"स्वल्प जास्तच झालं," अण्णा पुटपुटले. स्वल्प म्हणजे इथलं ‘जरा’.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून त्यांनी पीठ शिजवायला घेतलं. मी हिंग आणि मिरची वाटून दिली. दोघांनाही प्रमाण ठाऊक नव्हतं. पीठ खाली लागलं, गुठळ्या झाल्या, आणि सोऱ्यातून जे बाहेर पडलं ते अण्णांनी नीट मोजल्यासारखं रांगेत मांडलं. अक्का उठून वर आल्या तेव्हा आम्ही गच्चीवर होतो, पोर्चपासून लांब. त्यांनी एक संडिगा उचलला, जिभेवर ठेवला आणि म्हणाल्या, "यात मीठ कुणी घालायचं होतं?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"इंजिनाला मोजून देणार म्हणे," त्या म्हणाल्या आणि खाली जाऊन त्यांनी चहा टाकला. म्हणजे समेट झाला.

त्यानंतर अण्णांनी सगळ्या नळ्या बदलल्या आणि प्रत्येक सांध्याला दोन-दोन क्लिपा लावल्या. जवळ आग विझवायला वाळूची बादली आली. उरलेलं पेट्रोल टाकीत परत आणणारी नळी जोडायला टाकीला जागा हवी होती. त्यांनी टाकी उतरवली, पाण्यानं भरून ठेवली आणि मगच झाळायला नेली. पुन्हा धोका नको म्हणून ते इतके दक्ष झाले की मी लांबून दिवा लावला तरी "कोण?" म्हणून ओरडत.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं ते एका दुपारी. किक एकच. धडधड ऐकून अक्का पिठाचे हात घेऊन बाहेर धावल्या. आणि लगेच बंद पडलं. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. दोन-तीन दिवस हेच. शेवटी मला कळलं की प्लगची ठिणगी पडली की तिचा विजेचा धक्का हवेतूनच माझ्या कार्डापर्यंत पोचतो आणि चिप बिचारी सगळं विसरून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते. मी अण्णांना म्हटलं, कार्डाला पत्र्याची पेटी हवी आणि तारांवर जाळीचं वेष्टण. त्यांनी ॲल्युमिनियमची अशी पेटी करून दिली की झाकण लावताना हलका फुस्स आवाज यायचा. इतकं बेमालूम बसे. ती गाडीला लावायला मला जीव होईना. मी ती थोडा वेळ टेबलावर ठेवून नुसती बघत बसले. चिप मग विसरेनाशी झाली.

आता उरलं होतं ते रस्त्यावरचं काम. कोणत्या वेगाला किती पेट्रोल हे मी कागदावर ठरवलं होतं, पण ते बरोबर की नाही हे गाडी पळताना बघायला हवं. म्हणून मी एका लांब तारेवर गोल बटण जोडलं. ते फिरवलं की पेट्रोल थोडं वाढे किंवा कमी होई. गाडी चालवणारे अण्णा. म्हणजे बटण घेऊन मागे बसणार कोण?

आम्ही दोघंही अक्कांकडे बघायला लागलो. सुनेनं सासऱ्याच्या मागे मोटारसायकलवर बसायचं, तेही सगळ्या गल्लीदेखत. अक्कांनी क्षणभर विचार केला. आत जाऊन स्वतःचा जुना स्वेटर आणला आणि माझ्या अंगावर चढवला. "वारा लागतो," एवढंच म्हणाल्या. "आणि एका बाजूला पाय टाकून बसू नको. दोन्हीकडे टाक. पडशील."

गल्लीच्या टोकाला दुकानदार बाहेर येऊन उभा राहिला. अण्णा ताठ. मी त्याहून ताठ, एका हातात मागची दांडी, दुसऱ्यात बटण.

शहराच्या कडेचा एचएसआर लेआउट तेव्हा नुसत्या प्लॉटच्या दगडांचा होता. सरळ मोकळे डांबरी रस्ते, मध्ये गवत, कुठे एखादं घर अर्धवट उभं. अण्णा गाडी एका वेगावर धरत आणि वाऱ्यात ओरडत, "स्वल्प जास्त!" मी बटण फिरवायची. "जास्त झालं! कमी!" मी परत फिरवायची. कधी मला आवाजावरूनच कळे आणि त्यांनी सांगायच्या आत मी फिरवलेलं असे. मग ते नुसती मान हलवत. थांबून प्लग काढायचा, त्याचा रंग बघायचा. काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे कमी, कॉफीत दूध घातल्यासारखा म्हणजे नेमकं. एकदा तो रंग आला तेव्हा अण्णांनी प्लग मला हातरुमालात धरून दाखवला, जसा कुणी पिकलेलं फळ दाखवावं.

आणि तेवढ्यात गाडी मेली. पंपाला जितकी वीज लागत होती तितकी गाडीचा जुना डायनॅमो भरून काढत नव्हता. बॅटरी बसली होती. भोवती माणूस नाही. अण्णा म्हणाले, "तिला थोडं पडू दे. दम खाल्ला की एखाद्या किकपुरती ती सावरते." आम्ही प्लॉटच्या दगडांवर बसलो.

मी सहज म्हणाले, "अण्णा, खरं सांगा. नवा कार्बुरेटर लावला असता तरी चाललं असतं ना?"

"चाललं असतं. पण थंडीत चार-चार किका माराव्याच लागल्या असत्या." त्यांनी चपलेला चिकटलेलं गवत काढलं. मग म्हणाले, "तुझी अक्का के. आर. पुरमच्या शाळेत शिकवायची, ठाऊक आहे ना? माझा कारखाना त्याच वाटेवर. रोज दोघं या गाडीवरून जायचो. तेव्हा घरात आम्ही अकरा माणसं. आई-वडलांसमोर बायकोशी बोलायची रीत नव्हती. जे काय बोलायचं ते गाडीवर. पोराला कुठल्या शाळेत घालायचं, माझ्या भावाशी कसं वागायचं, सगळं. तुझ्या नवऱ्याचं नाव तिनं सिग्नलला थांबलो असताना ठरवलं."

मी हसले.

"आता घरात कोणी नाही. बोलायला काय हरकत? पण आम्हाला घरात बोलायची सवयच नाही बघ. आणि ती गाडीवर बसत नाही. म्हणते, बसमध्ये जागा मिळते. जागा कसली मिळते! मी किक मारताना तिला बघवत नाही."

मी उठले आणि म्हणाले, "मी मारते."

त्यांनी मला शिकवलं. आधी पाय हळू दाबत जायचं, जिथे अडेल तिथे थांबायचं, डाव्या हाताची छोटी कळ दाबून पिस्टन जरासा पुढे सरकवायचा, मग कळ सोडून सगळं वजन टाकायचं. "पायानं नाही, अंगानं." मी अंगानं मारली. गाडी सुरू झाली. मी एवढ्या जोरात ओरडले की गवतातून टिटवी उडाली.

डायनॅमोच्या जागी पुढे त्यांनी नव्या गाडीचा मोठा अल्टरनेटर बसवला. त्यातही दिवस गेले. पण एका संध्याकाळी मी बाजारातून परत येत होते तेव्हा समोरून गाडी आली. अण्णा चालवत होते, अक्का मागे, पिशवी मांडीवर, तोंड अण्णांच्या कानाशी. काहीतरी तावातावानं चाललं होतं. अण्णा मान हलवत होते. त्यांना मी दिसलेच नाही. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून त्यांना जाऊ दिलं.

पावसाळ्याच्या सुमारास मला एका कंपनीतून मुलाखतीचं बोलावणं आलं. अण्णांनी मला गाडीवरून सोडलं आणि खाली थांबले. आत दोघं होते. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, लग्नानंतर इतके महिने काय केलं? मी खरं ते सांगितलं. त्यांनी एकमेकांकडे बघितलं. एकानं विचारलं, ठिणगीचा त्रास झाला नाही का? मी पेटीचं सांगितलं. दुसरा म्हणाला, "ती गाडी बघता येईल?"

"खाली उभी आहे," मी म्हणाले.

तिघं खाली आलो. अण्णांनी शर्टाची वरची गुंडी लावली. त्यांनी किल्ली फिरवली, पंप सुर्रला, आणि पहिली किक फुकट गेली. दुसऱ्या किकला सुरू झाली. ते दोघं उकिडवे बसून नोझल आणि तारा बघत राहिले. एकानं अण्णांना इंग्रजीत विचारलं, हे तुम्ही केलं का?

अण्णा कानडीत म्हणाले, "मी भोकं पाडली. बाकीचं माझ्या मुलीचं." सुनेसाठी कानडीतही शब्द आहे. मला तो तोवर येत होता. त्यांनी तो वापरला नाही.

नोकरी मिळाली. नवरा परत आला, आणि पहिल्याच सकाळी गाडी घेऊन चक्कर मारून आल्यावर म्हणाला, "खरंच जमवलंत की." गाडी त्यानंतर पाचेक वर्षं तशीच चालली. कधी नळी गळायची, कधी तार तुटायची. शनिवारी अण्णा हाक मारायचे आणि मी सोल्डरिंग आयर्न घेऊन खाली बसायची. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी या वेळी किकबद्दल स्पष्ट विचारलं. गाडी आमच्याच भागातल्या एका माणसानं हौसेनं घेतली. महिन्याभरानं कळलं की त्यानं सगळं काढून नवा कार्बुरेटर बसवला.

मला फार वाईट वाटलं. अण्णा व्हरांड्यात पाय लांब करून बसले होते. मी त्यांना सांगितलं तेव्हा ते मुळीच रागावले नाहीत.

"बरोबर आहे त्याचं," ते म्हणाले. "बिघडली तर त्याला तू कुठे मिळणार?"